मैनाच्या झोळीतली वाद्यं

चार माणसं रोज दुपारी एकाच खोलीत बसली की किस्से साचत जातात. माळ्यावर रिकामे डबे साचतात, तसे. फेकवत नाहीत, अन् कोणी पाहुणा आला की एखादा काढून दाखवल्याशिवाय राहवतही नाही. आमच्याकडे तर इतके साचले की परवा चहा पिता पिता मंगला म्हणाली, "ताई, गेम कमी अन् गप्पाच जास्त झाल्या आपल्या." म्हटलं, मग लिहूनच टाकते.

पांढुर्ण्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. सकाळी टायपिंग, संध्याकाळी टॅली. दुपारी दोन ते पाच खोली रिकामी. त्या रिकाम्या तीन तासांत आम्ही चौघांनी मिळून एक व्हिडिओ गेम बनवला. खरंच बनवला! मैना नावाची एक पोरगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते, असा साहसाचा गेम. तिच्याजवळ तलवार नाही, बंदूक नाही. झोळीत फक्त वाद्यं. आधी बासरी, मग डफ, अन् शेवटच्या गावात एक छोटी पेटी. ती वाद्यं नुसती शोभेची नाहीत. खेळणाऱ्यानं कीबोर्डवर स्वतः वाजवायची, एक बटन म्हणजे एक सूर. नीट वाजवलं तर दार उघडतं, लांडगा झोपतो, नावाडी नाव काढतो.

कोड लिहिला सौंसरच्या प्रशांतनं. चित्रं काढली तिगावच्या मंगलानं. वाद्यं वाजवली सुखदेवकाकांनी. अन् गोष्ट लिहिली मी, म्हणजे चहाही मीच केला.

*

प्रशांतला मी पहिल्याच दिवशी विचारलं, "सगळे गेम मारामारीचे असतात. तुझ्या डोक्यात हे वाद्याचं कुठून आलं?"

तो सातवीत असताना मामानं त्याला एक जुना विदेशी गेम आणून दिला होता. भाषा कळेना. हीरोनं कुठं जायचं, काय आणायचं, काहीच कळेना. पण हीरोजवळ एक छोटंसं वाद्य होतं अन् ते कुठंही काढून वाजवता यायचं. सूर मोजून पाच! प्रशांत राक्षसांच्या नादी लागायचाच नाही. हीरोला एका दगडावर बसवायचा अन् वाजवत राहायचा.

एका दुपारी त्यानं त्या पाच सुरांत कशीबशी आरतीची चाल बसवली. रंगात येऊन दोनदा वाजवली, तीनदा वाजवली. मग सहज मागं पाहिलं तर आई पोळपाट सोडून आलेली. हाताला कणिक, डोळे मिटलेले, हात जोडलेले!

चाल संपली तशी आईनं डोळे उघडले, टीव्हीवरच्या त्या परदेशी हीरोकडे पाहिलं अन् म्हणाली, "हे सगळं ठीक आहे, पण कापूर कुठं आहे?"

"तेव्हापासून डोक्यात बसलं, ताई," प्रशांत म्हणाला. "तलवार काढली का समोरच्याले माराच लागते. वाद्य काढलं तर नुसतं बसून राहिलं तरी चालते."

*

सुखदेवकाका आमच्यात आले ते भांडायला.

माझ्या क्लासची मागची भिंत अन् त्यांच्या घराची भिंत एकच. नगरपालिकेतून रिटायर झालेला माणूस. गायन पार्टीत पेटीवर बसायचा, जयंतीच्या दिवसांत तर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. बासरी हौसेची. दुपारी मात्र झोप लागते त्यांना, अन् आम्ही नेमकी दुपारीच इंटरनेटवरून उतरवलेली फुकटची बासरी वाजवून पाहत होतो. एकच सूर, पन्नास वेळा.

दारात काका उभे. बनियन, खांद्यावर पंचा.

"कोण वाजवून राहिलं हे?"

प्रशांत घाबरून म्हणाला, "बासरी आहे, काका. गेमसाठी."

"बासरी?" काकांनी कान पुढं केला, अजून एकदा वाजवायला लावलं, अन् मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मी आपला गॅस बंद करून आलो. मले वाटलं कुकर झाला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःची बासरी घेऊन आले. बोलावलं कोणीच नव्हतं. आजही विचार करते, त्या दिवशी त्यांना झोप लागली असती तर आमच्या मैनाचं काय झालं असतं?

*

आता बासरी होती, वाजवणारा होता. शांतता नव्हती. आमच्या गावावरून नागपूर-इटारसीची लाइन जाते. काका 'सा' लावायचे अन् मालगाडी 'रे' द्यायची. गाडी गेली की कुत्रं, कुत्रं थांबलं की कांदेवाला.

मंगलानं युक्ती काढली. तिच्या मामेभावाची एका जिनिंगमध्ये ओळख होती. मशीन बंद होती, पण गोदामात कापसाचे डोंगर पडलेले. कापसात आवाज घुमत नाही अन् बाहेरचा आवाज आत येत नाही. मालकाला सांगून आम्ही आत गेलो. काकांना कापसाच्या दोन ढिगांच्या मधल्या घळीत बसवलं, माइक दिला, अन् आम्ही तिघं ढिगाच्या आड श्वास रोखून बसलो. काय सुंदर वाजवलं त्यांनी! भिंत नाही, घुमारा नाही, नुसता सूर.

मालक चौकीदाराला सांगायला मात्र विसरून गेला. चौकीदार जेवून आला, दारातून डोकावला. माणूस एकही दिसेना. बासरी तर चालू! त्यानं तिथूनच मालकाला फोन लावला, तो आमच्या माइकमध्ये अख्खा आला आहे:

"शेठ, गोदामात कोणीच नाही जी, पण कापूस बासरी वाजवून राहिला!"

*

गेममधलं पहिलं दार सहा सुरांचं. ते सहा सूर आधी एक म्हातारी मैनाला गाऊन दाखवते, मग खेळणाऱ्यानं तेच वाजवायचे. प्रशांतनं कोड पक्का लिहिला होता. मी वाजवलं, दार उघडलं. मंगलानं माझ्या बोटांकडे बघून वाजवलं, दार उघडलं. मग काका बसले.

दार उघडेना.

परत वाजवलं. उघडेना. अकरा वेळा वाजवलं, अन् अकराही वेळा स्क्रीनवर लाल अक्षरात 'चूक'.

"अरे, मी चाळीस वर्षं वाजवून राहिलो," काका उठून उभे राहिले, "अन् हे लाकडाचं दार मले चूक म्हणते!"

प्रशांतनं तपासलं. काकांचा हात सरळ सहा सूर वाजवूच शकत नव्हता. दोन सुरांच्या मधे बारीकशी मुरकी यायची, एखादा सूर जरा लांबायचा. कॉम्प्युटरच्या हिशेबानं ते सहाचे नऊ सूर होत होते.

"काका, तुम्ही साधं वाजवा न," प्रशांत काकुळतीला आला.

"साधंच वाजवून राहिलो!"

तिढा बसला. प्रशांत म्हणे, नियम म्हणजे नियम. काका थोडे शांत झाले, खुर्चीवर बसले अन् त्याला म्हणाले, "बेटा, मी तुह्या घरी आलो. बैलगाडीत आलो का बसमध्ये, वाटेत चहा घेतला का नाही, हे तुहं दार मले विचारते का? आलो न मी? मग उघड!"

प्रशांतनं तीन दिवस खपून सगळा कोड बदलला. आता आमच्या गेममध्ये सहा सूर त्या क्रमानं आले पाहिजेत, बस. मधे तुम्ही काय फुलं टाकायची ती टाका. पुढं खूप लोकांनी लिहिलं की या गेममध्ये वाजवताना परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. प्रशांत त्या प्रत्येकाला उत्तर देतो, "काकांना सांगतो."

*

मंगलाला लहानपणीच्या तापानंतर फार कमी ऐकू येतं. डाव्या कानानं नाहीच, उजव्यानं थोडं. समोर बसून बोललं की ती ओठांवरून सगळं ओळखते, त्यामुळे आम्ही तिचं हे विसरूनच जायचो. तिगावहून गाडीनं यायची, चित्रं काढायची, हसायची.

एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "मी दोन वर्षांपासून हा गेम रंगवून राहिली. पण मले एकटीले खेळता नाही येत. ताईची बोटं पाहल्याशिवाय एकही दार उघडत नाही माह्याकडून."

शरमच वाटली आम्हाला.

मग तिनंच उपाय सांगितला. म्हातारी गाते तेव्हा तिच्या डोक्यावरच्या झाडाची पानं हलू द्या. 'सा'ला तळातलं पान, 'रे'ला त्याच्या वरचं. प्रत्येक सुराचं पान वेगळ्या रंगाचं. तिनं एकेक पान अशा प्रेमानं रंगवलं की ते झाड आता गेमच्या पहिल्या चित्रावर आहे.

झाल्यावर परीक्षा घ्यायची ठरलं. प्रशांतनं स्पीकरचा आवाज पूर्ण बंद केला. मंगला बसली, पानं पाहिली, सहा बटनं दाबली, दार उघडलं! टाळ्या. मग मी बसले, जमलं. मग काका.

आवाज नसताना काकांना काहीच सुचेना. पान हललं की ते पानाकडे बघायचे, तोवर पुढचं हललेलं असायचं. तीनदा चुकले, घाम पुसला. म्हणाले, "मले तर काहीच समजून नाही राहिलं!"

मंगलानं त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली अन् हसत म्हणाली, "घाबरू नका, काका. माह्या बोटाइकडे पाहा."

*

पूर्ण व्हायच्या आधी गेम लेकरांकडून खेळवून बघावा म्हणून आम्ही सौंसरच्या एका शाळेत गेलो. आठवीचा वर्ग, मोठा पडदा, एक कीबोर्ड. लांडग्याचा भाग लावला. मैना जंगलात, समोर लांडगा. बासरीवर अंगाईची चाल वाजवली की तो झोपतो, मग बाजूनं निघून जायचं.

एक दोन वेण्यांची मुलगी आली. वर्षा. दोन प्रयत्नांत लांडगा झोपला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तिनं मागं वळून सगळ्यांना दटावलं, "शूऽऽ!"

मग ती थांबूनच राहिली. मैना उभी, लांडगा झोपलेला. पाच मिनिटं झाली.

"अगं, जा न पुढं," मी म्हटलं.

"मी गेली तर बासरी बंद होईल न, मॅडम?"

"हो. मग?"

"मग तो उठंल. किती दिवसांचा झोपला नसंल तो! डोळे पाहा न त्याचे."

ते डोळे मंगलानं काढलेले. मंगलाच्या डोळ्यांत पाणी. वर्षा अंगाई वाजवतच राहिली अन् चाळीस पोरं चिडीचूप. हेडमास्तर इतकी शांतता कशाची म्हणून घाबरून बघायला आले. घड्याळ पाहून त्यांनी शिपायाला तास द्यायची खूण केली, तोच मागच्या बाकावरून चार-पाच जण एकदम कुजबुजले:

"बेल नका वाजवू, सर! लांडगा उठंल!"

त्या दिवशी शिपायानं घंटा बोटानं वाजवली.

*

पुण्याच्या एका कंपनीनं आमचा गेम बाजारात आणायची तयारी दाखवली होती. व्हिडिओ कॉलवर एक साहेब. फार सज्जन, फार घाईत. म्हणाले, "चित्रं सुंदर, गोष्ट सुंदर. फक्त एक बदल करा. लोकांना स्वतः वाजवायचा कंटाळा येतो. एकच बटन ठेवा. दाबलं की मैना आपोआप वाजवेल."

आमचे चेहरे पडले. कंपनी गेली तर गेम कोणापर्यंत पोचणार? प्रशांत तर 'हो' म्हणायच्या बेतात होता. काका मागं बसून संत्रं सोलत होते. ते वाकून कॅमेऱ्यात आले.

"साहेब, जेवण झालं का?"

साहेब गोंधळले. "हो, आत्ताच झालं."

"कसं जेवले? हातानं का बटन दाबून?"

साहेब हसले, आम्हीही हसलो. कॉल संपला अन् कंपनीचा फोन परत आला नाही. गेम आम्ही आमच्या हातानंच इंटरनेटवर टाकायचं ठरवलं. पण महिन्याभरानं त्याच साहेबांचा मेसेज आला, स्वतःच्या नंबरवरून: "नमुना दिला होता तो मुलीबरोबर खेळतोय. नदीवरचा नावाडी नाव काढेना. जरा त्या काकांना विचाराल का?"

*

मग काकांना लकवा झाला. सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला. उजवी बाजू. नागपूरला नेलं, जीव वाचला, बोलणं आलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तसा पडून राहायचा.

डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, रोज शंभरदा दाबायला. काकांनी तो दुसऱ्याच दिवशी खिडकीतून बाहेर टाकला. "मी का क्रिकेटवाला हाय?" कमलकाकूंनी चेंडू उचलून आणला. काकांनी पुन्हा फेकला.

प्रशांतनं मैनाचं सगळं काम बाजूला ठेवलं. पंधरा दिवसांत त्यानं काकांसाठी एक वेगळाच छोटा गेम केला. त्यात दार नाही, लांडगा नाही. नुसता नदीकाठ. पाच मोठी बटनं, पाच बोटांसाठी. ज्या बोटात जोर येईल त्याचा सूर वाजायचा, अन् तो सूर वाजला की मंगलानं काढलेला एक पक्षी काठावर येऊन बसायचा.

पहिले कित्येक दिवस अंगठा तेवढा हलला. 'सा' अन् एक बगळा. काका तो एकटा बगळा तासन् तास बघत बसायचे. मग एके दिवशी काकूंचा फोन. मी क्लासमध्ये होते, त्या ओरडूनच बोलत होत्या, "बाई, खंड्या आला! खंड्या आला!"

तिसरा पक्षी यायला दिवाळी उजाडली. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतो हात?"

काका काही बोलायच्या आत काकूंनी आनंदानं सांगितलं, "तीन पक्षी आले, डॉक्टरसाहेब!"

डॉक्टर काकांना सोडून काकूंचंच बीपी बघायला निघाले होते म्हणे!

*

मैनाचा शेवट तेवढा राहिला होता. ती शेवटच्या गावात पोचते, भाऊ सापडतो, पण तो तिला ओळखत नाही. मग ती पेटी काढून घरची चाल वाजवते. हा तुकडा काका आजारी पडायच्या आधी रेकॉर्ड झालाच नव्हता.

नागपूरचे एक तरुण संगीत शिक्षक मुद्दाम येऊन वाजवून गेले. उत्तम वाजवलं, एका दमात. दुसऱ्या दिवशी आम्ही काकांच्या घरी बसून ते ऐकलं. एक चूक नाही. काकांनी शेवटपर्यंत मान डोलावली.

"छान हाय," ते म्हणाले. "हेच लावा."

प्रशांत हो म्हणाला. मी हो म्हटलं. मंगला काकांच्या चेहऱ्याकडे बघत होती. कमलकाकू खाली बसून मेथी निवडत होत्या. अख्ख्या जन्मात त्यांनी काकांच्या पेटीला छान म्हटल्याचं मी ऐकलं नाही. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"ते पोरगी किती दिवस चालली म्हणता?"

"खूप, काकू," प्रशांत म्हणाला. "जंगल, नदी, डोंगर, सगळं पायी."

"उपाशी?"

"मधे मधे."

"मग तिचा हात इतका साफ कसा चालंल?"

काकूंनी सुपातली मेथी बाजूला सारली, कोपऱ्यातली पेटी ओढून आणली अन् काकांसमोर ठेवली. काकांनी झाकण काढलं. उजव्या हाताची तीन बोटं पट्ट्यांवर ठेवली. पण ते मनगट वर धरून ठेवायला डावा हात लागत होता. मग भाता कोण मारणार? काकू पेटीच्या मागं जाऊन बसल्या अन् भात्याला हात घातला.

प्रशांतनं माइक लावला. काकांनी पहिला सूर धरला. थरथरला. दुसरा सापडायला वेळ लागला, तोवर काकूंनी हवा कमी पडू दिली नाही. तिसऱ्या सुरावर प्रशांतनं हळूच हात वर केला.

"काकू, बांगड्या वाजून राहिल्या. माइकमध्ये येऊन राहिल्या."

काकू ओशाळल्या. "थांब बावा, काढून ठेवतो," म्हणत त्या बांगड्या उतरवायला लागल्या.

"राहू दे," काका म्हणाले. "सुरात हायेत."